पुष्पाबाईंचं उत्तर : निसीम इझिकेल वाचताना

किहीमच्या किनाऱ्यावर आम्ही एका कवितेला हसलो. ते हसणं मला अजून पचलेलं नाही. म्हणून हे लिहितोय. मी समीक्षक नाही. समीक्षकांची परिभाषा मला येत नाही, आणि थोडीफार येते ती वापरावीशी वाटत नाही. जे खुपलं ते सांगतो.

आमच्या अभ्यासमंडळातली एक सहकारी सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला निघाली. तिचे मामा किहीमला राहतात, म्हणून निरोप तिथंच द्यायचा ठरला. सुरूच्या झाडांखाली सतरंज्या, मधे बाबासाहेबांचा फोटो, चहा, वडे. आमच्यातला इंग्रजी घेऊन बी.ए. करणारा पोरगा उठला आणि म्हणाला, प्रसंगाला साजेशी कविता वाचतो. कविता निसीम इझिकेलची, 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.'. कुणी पुष्पाबाई परदेशी निघाल्यात, त्यांच्या निरोप समारंभात एक सहकारी इंग्रजीत भाषण करतोय, एवढाच मामला. पण इंग्रजी आपल्याकडच्या कारकुनाचं. क्रियापदं भलतीकडेच जातात, मधेच विषय सुटतो आणि गृहस्थ स्वतःच्या सुरतेतल्या मुक्कामाची आठवण सांगू लागतो. पोरानं नक्कल झकास केली. सगळे हसले. मीही हसलो. जोरात हसलो.

मग मामा उठले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंगल्यांची बाग राखलेला माणूस. त्यांनी खिशातनं घडी घातलेला कागद काढला. "सदरहू मुलगी ही लहानपणापासूनच हुशार असून तिने समाजाचे नाव उज्ज्वल केलेले असल्याकारणाने..." घरात बोलतात ती भाषा बाजूला ठेवून मामा कचेरीची भाषा हुडकत होते. प्रसंग मोठा, तर भाषाही मोठी पाहिजे, हा त्यांचा हिशेब. दोनतीन जणांनी ओठ दाबले. ते मी पाहिलं. मामांनीही पाहिलं असावं. त्यांनी कागदाची परत घडी घातली, म्हणाले, "नीट जा गं पोरी. जेवत जा वेळेवर," आणि बसले.

तेवढ्यात अंधार पडायला लागला. अलिबागची एसटी गाठायची होती. जिच्यासाठी सगळा खटाटोप, ती बोललीच नाही.

एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "बाहेर राहिलं की माणसाचे डोळे उघडतात म्हणतात. या इझिकेलचे उघडले होते का?" मला उत्तर देता आलं नाही. सूतगिरणीत पाळी करून मी वाचतो, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो. माझं इंग्रजी त्या कवितेत भाषण करणाऱ्या माणसापेक्षा वाईट आहे. तरी पुढचे दोन महिने मी इझिकेलच वाचला. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर.

आधी एक गोष्ट त्या हसणाऱ्या पोरांना सांगायची. इझिकेलचं मूळ आपण बसलो होतो त्याच किनाऱ्यावरचं. तो बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. किहीमपासून नवगाव जवळ. या लोकांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत तिथं फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बुडालेल्यांना तिथंच पुरलं. पुढं पिढ्यान् पिढ्या त्यांनी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. सुट्टीवरनं नाव पडलेली ही एकच जात असेल. आपल्या बापजाद्यांची नावं सगळी कामावरनं पडली, कारण त्या कामाला सुट्टीच नव्हती.

आडनावं त्यांनी गावांवरनं घेतली. त्यात केहिमकर आहेत, म्हणजे किहीमकरच. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या लोकांचा इतिहास १८९७ साली लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. आणि हे लोक जातीच्या गाड्यातनं सुटले होते असं कुणी समजू नये. तेल्याची जागा खालची, पण गावकुसाच्या आत. शिवाय त्यांच्यात आपसांत गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, रोटीबेटी बंद होती. समुद्रातनं वाचून आलेल्यांनाही या मातीनं पायऱ्या शिकवल्या.

निसीम इझिकेलचा जन्म १९२४ सालचा, मुंबईत. बाप विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, आई शाळा चालवायची. म्हणजे घाणा मागं पडला होता. तरुणपणी तो मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षात होता. १९४८ साली इब्राहिम अल्काझींनी तिकिटाला मदत केली आणि तो लंडनला गेला. तळघरातली खोली, पोटाची मारामार, तत्त्वज्ञानाचा अभ्यास आणि कविता. १९५२ साली त्याचा पहिला संग्रह लंडनमध्ये निघाला. त्याच साली तो परत आला. खिशात भाडं नव्हतं, म्हणून मालवाहू जहाजावर डेक घासत आला. हे त्याचं मला आवडतं. डेक घासून आलेला माणूस विमानातनं उतरलेल्या माणसासारखा बोलत नाही.

लंडनने त्याला काय दिलं ते 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या कवितेत दिसतं. तीत तो शाळेतल्या मारापासून सुरुवात करतो. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन पोरांमधे हा एकटा ज्यू. मग लंडन. मग ते जहाज, आणि त्यात इंडोचायनाला चाललेल्या फ्रेंच तोफा. मग तो मागं वळून पूर्वजांकडे बघतो. बिया गाळून पोट भरणारे, जातींच्या गर्दीत उपरे राहिलेले. शेवटी सांगतो की मी इथंच राहणार, माझी मागासलेली जागा हीच. मला वाटतं, लंडनला गेला नसता तर घाण्याकडे त्यानं बघितलंच नसतं. मुंबईत तो प्राध्यापकाचा मुलगा होता. लंडनच्या तळघरात तो कुणीच नव्हता. कुणीच नसलेला माणूस स्वतःचं मूळ शोधतो. एवढे डोळे परदेशानं त्याचे उघडले, हे कबूल.

पण ते कुठवर उघडले? इथं माझं भांडण सुरू होतं.

'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' ही त्याची कविता आपल्याकडची पोरं परीक्षेला वाचतात. आईला विंचू चावतो. गावकरी धावत येतात, मंत्र म्हणतात, पापपुण्याचं बोलतात. बाप बुद्धिवादी, तोही सगळे उपाय करून बघतो. रात्रभर आई तळमळते. या गावकऱ्यांना कवी माश्यांच्या झुंडीची उपमा देतो. पावसात रात्री कंदील घेऊन दुसऱ्याच्या आईसाठी धावलेली माणसं, त्यांना माश्या! मंत्राला त्यानं खुशाल हसावं, आपणही हसतो, बाबासाहेबांनी ते शिकवलंय. पण अंधश्रद्धा वेगळी आणि माणूस वेगळा. कवितेच्या शेवटी मात्र आई एक वाक्य बोलते. देवाचे आभार मानते, की विंचू मला चावला, पोरांना नाही. त्या वाक्यानं कविता उभी राहते. का? कारण तिथं कवी गप्प बसतो आणि जिला दुखलं ती बोलते.

'इन इंडिया' या कवितेची सुरुवात बघा. भिकारी, फेरीवाले, फुटपाथवर झोपणारे, झोपड्यांत राहणारे, अशी लांबलचक यादी. आणि त्या गर्दीतनं कवी स्वतःला उंचावरनं जाताना दाखवतो, युरोपच्या चित्रकलेचं लोढणं गळ्यात घेऊन. आपण उंचावर आहोत हे तो लपवत नाही, स्वतःलाही चिमटा काढतो. या प्रामाणिकपणाला माझा सलाम. पण प्रामाणिकपणे उंचावर बसलेला माणूसही उंचावरच असतो. तिथनं यादीच दिसते. यादीतल्या एकालाही नाव नाही, एकालाही तोंड नाही.

आता एक अंतर मोजा. इझिकेलचं घर बेलासिस रोडला होतं. तिथनं गोलपीठा चालत काही मिनिटांवर. १९७२ साली त्याच गोलपीठ्यातनं नामदेव ढसाळचा संग्रह आला आणि मराठी कवितेची झोप उडाली. यादीतली माणसं स्वतःच बोलायला लागली. इझिकेलला मराठी परकी नव्हती. वृंदा नाबरांबरोबर त्यानं इंदिरा संतांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर केलं. म्हणजे मराठी कवितेपर्यंत तो आला, पण माजघरापर्यंत आला. लंडन ते बेलासिस रोड हजारो मैल, ते त्यानं डेक घासत कापले. बेलासिस रोड ते गोलपीठा मला त्याच्या कवितेत कुठं कापलेलं दिसत नाही. परदेश म्हणजे नेमकं कुठं, असा मला प्रश्न पडतो.

त्याची बाजूही सांगितली पाहिजे. १९६४ साली व्ही. एस. नायपॉलचं 'ॲन एरिया ऑफ डार्कनेस' आलं. नायपॉल त्रिनिदादचा, आजा मजूर म्हणून करार करून गेलेला, पण घर ब्राह्मणाचं. तो भारतात आला, त्याला घाण दिसली, उघड्यावर बसलेली माणसं दिसली, किळस आली, आणि ती किळस त्यानं पुस्तकभर लिहिली. इझिकेलनं त्याला उत्तर दिलं, 'नायपॉल्स इंडिया अँड माइन' या लेखात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हे दोष मलाही दिसतात, पण तू फक्त स्वतःच्या दुखण्यातनं देश बघतोस. मीही जन्मानं इथं उपराच, पण राहायचं ठरवलंय. हा लेख आपण सगळ्यांनी वाचावा. बाहेरून येऊन नाक दाबणाऱ्याला इतकं शांत उत्तर क्वचित कुणी दिलं असेल. पण दोघांनाही मला विचारायचंय, घाण दिसली, ती उचलणारा कोण ते का नाही विचारलं? पिढ्यान् पिढ्या तो एकाच जातीचा का, हा प्रश्न ना किळस येणाऱ्याच्या पुस्तकाचा कणा झाला, ना देश आपला म्हणणाऱ्याच्या लेखाचा.

इथं मी बाबासाहेबांची मोजपट्टी काढतो. ते कवी नव्हते, मोजायला तरी तेच लागतात.

१९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तिथनं लंडनला. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. बाहेर बसून त्यांनी सगळ्यात आधी उलगडली ती घरची शिडी. १९१७ साली परत आले. बडोद्याला नोकरी होती, राहायला जागा नव्हती. पारशाचं नाव सांगून पारशी खानावळीत उतरले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेली माणसं आली आणि सामानासकट बाहेर काढलं. बागेत खिन्न बसून राहिले. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. तिथं ते सांगतात की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. ती बडोद्याला उतरल्यावर परत आली. आणि हे लिहिलं कुणासाठी? परदेशी वाचकासाठी, ज्याला अस्पृश्यता ऐकून माहीत असते पण कळत नाही. म्हणूनच या आत्मकथनाचं नाव प्रवासाच्या परवान्यावर आहे. स्वतःच्या देशात व्हिसाची वाट बघणारा माणूस!

आता दोन परती शेजारी ठेवा. इझिकेल डेक घासत आला आणि घरी गेला. बाबासाहेब पदव्या घेऊन आले आणि त्यांना खोली मिळाली नाही. समुद्र तोच. मला वाटतं, नजर परदेशात घडते हे अर्धंच खरं. ती पक्की होते परत आल्यावर, दार उघडतं की नाही त्यावर. ज्याला दार उघडतं त्याला संस्कृती दिसते. ज्याला दार लागतं त्याला त्या संस्कृतीची कडी दिसते.

कुणी म्हणेल, हे तुम्ही आपल्या माणसाच्या बाजूनं बोलताय. मग इझिकेलच्याच माणसांचं उदाहरण घ्या. १९४८ नंतर बेने इस्रायल हजारोंनी इस्रायलला गेले, आपल्या देशात जातो म्हणून. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं सूचना काढली, की यांचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. खरे ज्यू आहेत का बघा. आजीची आजी कोण, तिची आजी कोण! हे प्रश्न आपल्याला नवीन नाहीत. १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तिथल्या संसदेला दखल घ्यावी लागली, आणि त्याच वर्षी त्या सूचनेतनं बेने इस्रायल हे नाव काढावं लागलं. इथं गोरे-काळे करणारी माणसं तिथं स्वतः 'काळी' ठरली, तेव्हा रस्त्यावर बसली. त्यांना कुणी कविता शिकवल्या नव्हत्या. पायरी खाली आली की डोळे आपोआप उघडतात. त्याच लोकांनी पुढं इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक चालवलं. कोकण सोडल्यावर त्यांना कोकणची भाषा इतकी लागली.

मग दार न लागलेल्या कवीनं गप्प बसावं काय? नाही. दिलीप चित्रे बघा. १९६० ते ६३ इथिओपियात शिकवत होता, पुढं १९७५ पासून दोन वर्षं अमेरिकेत आयोवाला. परदेश त्यालाही घडला. दार त्याला कुठंच लागलं नव्हतं. पण तो तुकारामाकडे गेला आणि ढसाळकडेही गेला. ढसाळच्या कवितांचं त्याचं इंग्रजी भाषांतर २००७ साली पुस्तक होऊन आलं. ढसाळला तोंड नाही असं त्यानं धरलं नाही. ढसाळ बोलतोय, ते दुसऱ्यांना ऐकू जाऊ दे, एवढं काम त्यानं अंगावर घेतलं. म्हणजे जन्म हा कुणाच्या नजरेचा शेवट नाही. पायऱ्या उतरता येतात. उतरावं लागतं मात्र पायांनी.

दुसऱ्यांना बोललो, आता स्वतःला. त्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यानं थळच्या बाजूला चालत गेलो होतो. मी सोलापूरकडचा, समुद्र मला नवीन. एक कोळीण सुकट पसरत होती. मी उभा राहून बघत होतो आणि डोक्यात ओळी जुळवत होतो : तिचा रंग, तिच्या हातावरचं मीठ, वास. चांगल्या जमत होत्या. तिनं मान वर केली. "काय बघतोस रे, घ्यायचीय का?" मी नाही म्हणालो. "मग हो बाजूला, सावली पडतेय." माझी सावली तिच्या सुकटीवर पडत होती, आणि मी तिच्यावर कविता करत होतो! दोस्तांनो, परदेशाला विमान लागत नाही. सोलापूरहून किहीमला आलो की मीही साहेब होतो. आपल्याही कवितांत याद्या झाल्यात. भाकरी, झोपडी, रांड, गटार, हे शब्द ओळीनं मांडले की कविता झाली असं आपणही धरतो. इझिकेलला उंचावर बसल्याबद्दल मी फटकारलं. आपण जमिनीवर उभे राहून तेच करत असलो तर त्याला नाव ठेवायचा हक्क कुठला?

किहीमचीच एक गोष्ट याला जोडतो. १९३० साली सलीम अली जर्मनीतनं पक्षिशास्त्र शिकून आले. नोकरी नव्हती. किहीमला राहिले आणि महिनोन् महिने सुगरण पक्ष्याची घरटी बघत बसले. नर घरटं अर्धं बांधतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तर राहते, मग नर दुसरं बांधायला घेतो, हे त्यातनं कळलं. पाखराचं घर कळायला शिकून आलेल्या माणसाला इतकं बसावं लागलं. आपण माणसाचं घर येता जाता बघून लिहितो.

आता शेवट, परत त्या हसण्यावर. मिस पुष्पाच्या कवितेला मी का हसलो ते मला कळलंय. मला दाखवायचं होतं की तो इंग्रजी चुकणारा मी नाही. मामांच्या 'सदरहू'ला ओठ दाबणाऱ्यांनाही तेच दाखवायचं होतं. जाणकार म्हणतात की त्या कवितेत कवीला त्या माणसाविषयी माया आहे. असेल. पण माया करणाराही वर्गात शिक्षकच असतो, आणि इंग्रजी चुकणारा बाकावर. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. कवितेच्या शेवटी भाषण करणारा म्हणतो की आता बाकीचे बोलतील आणि समारोप पुष्पाबाई करतील. तिथं कविता संपते. जी परदेशी निघाली ती काय बोलली, कवीनं लिहिलंच नाही. तो स्वतः लंडनला जाऊन आलेला, तरी त्याला तिचं ऐकावंसं वाटलं नाही. आणि आम्ही? आम्हीही एसटीच्या घाईत आमच्या मैत्रिणीला बोलू दिलं नाही.

बाई, तू आता तिथं पोचली असशील. डोळे उघडतात का म्हणून विचारलं होतंस. उघडतात, पण आपोआप नाही. तिथं तुला कुणी जात विचारणार नाही असं समजू नकोस. २०२३ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, म्हणजे आपली माणसं पेटीत काय भरून नेतात ते बघ. कुणीच विचारलं नाही आणि ती जाणीव पुसली गेली, तर तेही लिही. बाबासाहेबांनी लिहिलं तसं. तिथल्या लोकांवर लिहिताना आधी बघ, तुझी सावली कुणाच्या सुकटीवर पडतेय का. तिथला झाडूवाला कोण, तो राहतो कुठं, त्याला विचार, त्याचं त्याला बोलू दे. इंग्रजी चुकलं तर चुकू दे. मामांचा तो कागद मी मागून घेतलाय. त्यातलं शेवटचं वाक्य ते वाचायचे राहिले होते : "सदरहू मुलीने परत येऊन आम्हास तेथील हकिकत सांगावी."

मामांचं इंग्रजीबिंग्रजी काही नाही. पण समारोप कुणाचा असतो ते त्यांना कळलं होतं. पुढच्या अंकात तुझं पान राखून ठेवायला सांगितलंय. हकिकत पाठव.

जय भीम.